तीनशे अठरा सायटेशन

“मॅडम, माझंच कुठंतरी चुकून राहिलं असंल,” फोनवरचे डॉक्टर तिसऱ्यांदा म्हणाले, “पण तुमच्या पेपरातले सौम्य रुग्ण आमच्याकडे काही सौम्य वागून नाही राहिले.”

मी हसले. मंगळवार होता, सकाळचे साडेनऊ झाले होते, टेबलावर चहा होता आणि समोरच्या पडद्यावर माझा आकडा होता, तीनशे अठरा. शुक्रवारी प्रोफेसरपदाची मुलाखत होती. अशा सकाळी कुणावरही हसू येतं.

त्या आकड्याचं आधी सांगते. आम्ही संशोधक पेपर लिहितो, आणि दुसऱ्या कुणी आपल्या पेपरात त्याचा आधार घेतला की एक सायटेशन जमा होतं. ते मोजणारी वेबसाइट असते. लोक सकाळी उठून देवाला हात जोडतात तशी मी ते पान उघडायची. माझे एकूण एकसष्ट पेपर, त्यातले साठ बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकच पेपर चालला, ही तीनशे अठरा त्याचीच, आणि असा चालला की त्याच्या जिवावर मला परदेशात बोलावणी आली, विद्यार्थी मिळाले, संस्थेच्या वार्षिक अहवालात फोटो आला. सायटेशन म्हणजे काय ते आईला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, “म्हणजे किती जणांनी तुझं नाव घेतलं ते?” मी म्हटलं, तसंच समज. ती म्हणाली, “चांगल्यासाठी घेतलं ना पण?”

तो पेपर सिकल सेलवरचा. रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा हा आजार आईबापांकडून येतो. पण एकाच गावातल्या दोन रुग्णांत एक जण हसतखेळत म्हातारा होतो आणि दुसरा दर महिन्याला हाडांच्या वेदनांनी गुरासारखा ओरडतो. असं का, हे मी त्या फोनच्या अकरा वर्षं आधी पंच्याण्णव रुग्णांच्या डीएनएत शोधलं होतं. एका ठरावीक जागी एक छोटासा बदल ज्यांच्यात आहे त्यांना आजार सौम्य होतो, असं उत्तर आलं होतं. उत्तर इतकं ठळक होतं की माझे गाइड डॉ. केळुसकर तक्ता पाहून खुर्चीतून उठलेच होते.

फोनवरचे डॉक्टर कुळमेथे. पूर्व विदर्भाच्या अगदी टोकाला, जंगलातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ते एकटे डॉक्टर होते.

“किती जणांचं असं झालं?” मी विचारलं.

“या हिवाळ्यात आठ. आठही तुमचा तो बदल असलेले. जमुना पुंगाटी म्हणून पोरगी आहे, पंधरा वर्षांची. तीनदा भरती झाली. अन् माझ्या यादीत ती सौम्य.”

“आठ ही फार लहान संख्या आहे, डॉक्टर. योगायोग असू शकतो.”

“तेच म्हणतो मी. म्हणूनच तुम्हाला विचारून घेतो. शनिवारी कॅम्प आहे आमचा. तुमच्या पेपरवरून दोन रंगांची कार्डं केली. लाल म्हणजे तीव्र, त्यांनी दर महिन्याला यायचं अन् रोजची गोळी घ्यायची. हिरवं म्हणजे सौम्य, त्यांनी सहा महिन्यांनी आलं तरी चालते. गोळ्या कमी येतात, मी एकटा, सगळ्यांकडे बघणं होत नाही. वाटण्याआधी एकदा मूळ तक्ता बघायला भेटला असता, तर माझी चूक मला सापडली असती.”

“आज काढून ठेवते,” मी म्हटलं. “तुमच्या चाचणीतच काहीतरी गडबड असेल. बघू.”

फोन ठेवला, चहा संपवला आणि तळघरातल्या स्टोअरमधून जुनी वही आणवली. माझा हेतू साफ होता. डॉक्टरांना त्यांची चूक दाखवायची आणि शुक्रवारच्या तयारीला लागायचं.

आमचं काम प्लेटवर चालतं. प्लेट म्हणजे हाताच्या पंजाएवढी प्लॅस्टिकची थाळी, आठ ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा छोटे खड्डे. खड्ड्यात एकेका रुग्णाच्या डीएनएचा थेंब. मी सोयीसाठी पहिल्या चार ओळींत तीव्र रुग्ण भरले होते, खालच्या चार ओळींत सौम्य, आणि अगदी शेवटच्या खड्ड्यात नुसतं पाणी. पाणी का, तर मशीनने तिथे काही दाखवलं तर समजायचं की कुठेतरी घाण शिरली आहे. अशी मांडणी करू नये, तीव्र-सौम्य मिसळून भरावेत, हे आज मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ओरडून सांगते. तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, मला घाई होती.

वहीत मशीनमधून निघालेला कागद चिकटवलेला होता, त्यावर प्लेटसारखीच खड्ड्यांची मांडणी. पहिल्या खड्ड्यापुढे काहीच नव्हतं, तिथे माझ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘नमुना खराब’. शेवटच्या, पाण्याच्या खड्ड्यात मात्र चक्क डीएनए दिसत होता. त्यापुढे लाल शाईने लिहिलं होतं, ‘पाणी दूषित. शकूताईंचा निष्काळजीपणा. पाण्याची वेगळी चाचणी घेतली, स्वच्छ. पुढे चालू.’

मला आठवलं. शकूताई आमच्या लॅबच्या टेक्निशियन. चाचणीचं शुद्ध पाणी त्या तयार करायच्या. त्यांना मी सगळ्यांसमोर झापलं होतं.

मी वही टेबलावर ठेवून खिडकीचा पडदा ओढायला उठले, आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सहज तिच्याकडे पाहिलं. तिथून कागद उलटा दिसत होता. उलट्या कागदात रिकामा खड्डा खाली उजव्या कोपऱ्यात आला होता. बरोबर तिथेच, जिथे पाणी असायला हवं.

मी तशीच उभी राहिले. पाणी दूषित नव्हतं आणि नमुनाही खराब नव्हता. प्लेट मशीनमध्ये उलटी गेली होती. पहिला खड्डा शेवटच्या जागी आणि शेवटचा पहिल्या जागी. तीव्र रुग्णांचे निकाल सौम्य रुग्णांच्या नावावर गेले होते आणि सौम्यांचे तीव्रांच्या. तो बदल आजार सौम्य करत नव्हता. तोच आजार भडकवत होता.

मी खुर्चीत बसले. पडद्यावर अजून ते पान उघडं होतं. तीनशे अठरा. अकरा वर्षं त्या आकड्याने मला सुख दिलं होतं. आता वाटलं, तीनशे अठरा माणसं दाराबाहेर उभी आहेत आणि कुठल्याही क्षणी आत येतील.

डॉक्टरांना त्या दिवशी तक्ता पाठवला नाही. ‘शोधते आहे, थोडा वेळ द्या’ असा निरोप पाठवला.

बुधवारी सकाळी केळुसकर सरांकडे गेले. सर आता संस्थेचे संचालक होते. सौम्य बोलणारे, कधी आवाज न चढवणारे. त्यांच्या केबिनमध्ये तो पेपर फ्रेम करून लावलेला होता. मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि काही न बोलता ती फिरवून उलटी केली.

सरांनी बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून पुसला.

“आणखी कुणाला दाखवलंस?”

“नाही.”

“दाखवू नकोस. बस.”

“सर, पेपर मागे घ्यावा लागेल.”

“हेमांगी, पेपर आता आपला राहिलेला नाही. त्याच्यावर लोकांच्या पीएच.डी. उभ्या आहेत. तू एक वीट काढलीस की काय काय कोसळेल, कल्पना आहे तुला?”

“पण तिथे एक डॉक्टर कार्डं वाटणार आहेत, सर. शनिवारी.”

“शनिवारी ना? मग शुक्रवार होऊ दे.” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. “मुलाखत होऊ दे. दुपारी त्यांना फोन कर, सांग की आणखी अभ्यास होईपर्यंत थांबा. कारण द्यायची गरज नाही. पुढच्या वर्षी मोठा अभ्यास करू, नवा पेपर लिहू, त्यात म्हणू की आधीच्या निष्कर्षांशी हे जुळत नाही. आपणच आपल्याला दुरुस्त करायचं. सगळीकडे असंच चालतं.”

मी वही उचलली. दाराशी गेले तेव्हा ते म्हणाले, “आणि शकूताईंना धुलाई विभागात पाठवण्याचं पत्र तू लिहिलं होतंस. मी फक्त सही केली. तेही बाहेर येईल, लक्षात ठेव.”

त्या मऊ आवाजाची मला भीती वाटली.

तरीही एक आशा होती. मी घाबरून काहीतरीच पाहिलं असेल. मूळ नमुने उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये अजून होते. त्यातले बारा काढून पुन्हा तपासायचे, सहा तीव्र, सहा सौम्य. कुणा विद्यार्थ्याला हे सांगणं शक्य नव्हतं. मी धुलाई विभागात गेले.

शकूताई काचेच्या बाटल्या विसळत होत्या. केस पांढरे झाले होते. मला पाहून त्यांनी नळ बंद केला, हात पदराला पुसले.

“बोला, मॅडम.”

“शकूताई, अकरा वर्षांपूर्वी, सिकल सेलच्या प्लेटवर तुम्ही खूण केली होती का?”

त्यांनी लगेच ओळखलं. “केली होती की. नेहमीसारखी. पहिल्या कोपऱ्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. त्या वेळी आलेल्या प्लेटींचे चारही कोपरे सारखे होते, उलटसुलट कळायचं नाही.”

“मग?”

“मग काय? तुम्ही स्पिरिटने पुसून टाकलात. म्हणालात, ही लॅब आहे, ब्यूटी पार्लर नाही.” त्या हसल्या नाहीत. “आणि मला म्हणालात, तुम्ही जेवायला जा, प्लेट मी लावते.”

हे वाक्य मी बोलले होते. बोलल्यावर आजूबाजूचे विद्यार्थी हसले होते, आणि ते हसले म्हणून मला बरं वाटलं होतं, हेसुद्धा आठवलं.

“तुम्ही तेव्हा सांगितलं का नाहीत, की पाणी स्वच्छ होतं?”

“सांगितलं होतं, मॅडम. दोनदा.”

मी खाली पाहिलं. मग म्हटलं, “मला बारा नमुने पुन्हा लावायचे आहेत. मदत कराल?”

त्यांनी विचारलं नाही की का. एप्रन काढून खुंटीला अडकवला, आणि पर्समधून नेलपॉलिशची बाटली काढली.

बुधवारची दुपार नमुने वितळवण्यात आणि भरण्यात गेली. गुरुवारी सकाळी आठला प्लेट मशीनमध्ये गेली. शकूताईंनी ठिपका डावीकडे वर ठेवला, मी बघितलं, त्यांनी पुन्हा बघितलं. मशीनला दोन तास लागतात. ते दोन तास मी स्टुलावर बसून होते. अकरा वर्षांपूर्वी मी याच मशीनपुढे चांगलं उत्तर येऊ दे म्हणून बसले होते. आता माझी अक्कल खोटी ठरू दे, मी मूर्ख ठरू दे, एवढंच मागत होते.

थांबता थांबता मी शकूताईंना सगळं सांगितलं. कार्डं, शनिवार, शुक्रवारची मुलाखत. का सांगितलं कोण जाणे. भीती एकटीला पेलत नव्हती.

“त्या पोरीचं नाव काय म्हणालात?” त्यांनी विचारलं.

“जमुना.”

सव्वादहाला पडद्यावर निकाल आले. मी वही शेजारी धरली आणि एकेक जुळवत गेले. पहिला नमुना. दुसरा. तिसरा. बाराच्या बारा उलटे. कुठेही शंकेला जागा नव्हती. सहाव्या नमुन्यानंतर शकूताई माझ्याकडे बघत नव्हत्या.

तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजू लागला. डॉ. कुळमेथे.

पुढे जे घडलं त्याला अर्धं मिनिटही लागलं नसेल. फोन थरथरत टेबलावर सरकत होता. मी त्याच्याकडे पाहत होते. उचलला की बोलावं लागणार होतं. बोललं की ते विचारणार होते, मग पेपर चुकीचा का? आणि मग शुक्रवार उरणार नव्हता. खरं सांगते, त्या क्षणी मला जमुना आठवली नाही, आठ रुग्ण आठवले नाहीत. आठवला तो मुलाखतीच्या फाइलचा पहिला कागद, त्यावर मोठ्या अक्षरात टाइप केलेला तीनशे अठरा.

“मॅडम, फोन,” शकूताई म्हणाल्या.

“वाजू द्या.”

“मॅडम, डॉक्टरच असतील.”

“माहीत आहे. उद्या दुपारी करणार आहे मी. शनिवारला अजून वेळ आहे.”

फोन थांबला. दोन मिनिटांनी पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. शकूताईंनी प्लेट उचलली, कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली आणि हातमोजे काढून निघून गेल्या. दाराशी थबकल्या नाहीत.

शुक्रवारी अकराला मुलाखत झाली. लांबलचक टेबल, पलीकडे चार जण, त्यांत केळुसकर सर. बाहेरून आलेले अध्यक्ष वयस्कर, आनंदी गृहस्थ होते. त्यांनी माझी फाइल चाळली.

“तीनशे अठरा! पण मॅडम, तुमची माहिती शिळी आहे. मी आज सकाळीच पाहिलं, तीनशे एकोणीस झालेत.”

सगळे हसले. मीही ओठ ताणले.

“एकच विचारतो,” अध्यक्ष म्हणाले. “आपल्या क्षेत्रात आज छापलेलं उद्या खोटं ठरतं. तुमचा हा निष्कर्ष अकरा वर्षांनी कसा काय टिकून राहिला?”

मी केळुसकर सरांकडे पाहिलं. ते पेल्यातल्या पाण्याकडे पाहत होते.

“नमुने काळजीपूर्वक निवडले होते,” मी म्हटलं.

निवड झाल्याचं मला बाहेर येण्याआधीच कळलं होतं. अध्यक्षांनी उठून हात मिळवला. पावणेएकला मी संस्थेच्या मागच्या बाजूला, जनरेटरच्या खोलीपाशी जाऊन फोन लावला. तिथे कुणी येत नाही.

“डॉक्टर, मी हेमांगी दातीर. उद्याच्या कॅम्पबद्दल बोलायचं होतं. ती कार्डं तूर्त वाटू नका.”

“मॅडम, कॅम्प काल झाला.”

“काल?”

“शनिवारी पालकमंत्र्यांचा दौरा लागला. बुधवारी संध्याकाळी वरून फोन आला, गुरुवारीच उरकून घ्या म्हणून. मी सकाळी तुम्हाला दोनदा फोन लावला. म्हटलं, वाटण्याआधी एकदा मॅडमला विचारतो. तुम्ही बिझी असाल.” ते थांबले. “एवढ्या मोठ्या पेपरात चूक नसतेच, असं मनाशी म्हटलं अन् वाटून दिली. काहून? काही आहे का त्यात?”

तिथेच उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. प्लेट, ठिपका, पाणी, शकूताई. आणि त्यांचा फोन मी मुद्दाम उचलला नव्हता, हेही. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, “म्हणजे हिरवेवाले सगळे लाल?”

“हो.”

“एक्केचाळीस हिरवी दिली मी,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी तिथूनच केळुसकर सरांकडे गेले आणि निवड नको म्हणून लिहून दिलं. सरांनी कागद घेतला, पण मला बस म्हटलं नाही. त्याच दुपारी नियतकालिकाच्या संपादकांना पेपर मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. त्यात एक वेगळा परिच्छेद शकूताईंबद्दल होता. पत्राची प्रत त्यांना नेऊन दिली तेव्हा त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाल्या, “पोरीचं काय झालं?”

कुळमेथे डॉक्टर मोटारसायकलवर पाड्यापाड्यांवर फिरले. रोज संध्याकाळी मला फक्त एक संख्या पाठवायचे, तोवर किती हिरवी कार्डं परत घेतली त्याची. नऊ. सतरा. सव्वीस. माझी सकाळ त्या वेबसाइटने सुरू व्हायची ती बंद झाली होती, आता माझा सगळा दिवस त्या संध्याकाळच्या संख्येकडे डोळे लावून जायचा. फोन खणखणला की वाटायचं, आज संख्या नाही, नाव येणार. अकराव्या दिवशी चाळीस आली. त्याच्याखाली एक ओळ होती, ‘जमुनाचे आईबाप तिला घेऊन मिरची तोडायला तेलंगणात गेले. कुठल्या गावी, कुणाला माहीत नाही.’

मिरचीची तोडणी मार्चपर्यंत चालते. तेवढे दिवस मी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. काम केलं असेल. भाजीत लाल मिरची दिसली तरी घास उतरायचा नाही, एवढं आठवतं. डॉक्टरांनी तिकडच्या ओळखीच्या लोकांना फोन केले, मीही केले. नाव सांगायची, पुंगाटी, आणि पलीकडचा माणूस विचारायचा, इथं हजारो मजूर आहेत, कुठले पुंगाटी?

पेपर मागे घेतला की आकडा थांबतो, असं लोकांना वाटतं. थांबत नाही. लोक जुनी छापील प्रत वाचतात, दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलतात. आज नऊ वर्षं झाली, मी ते पान पुन्हा रोज सकाळी उघडते. काल चारशे सहा होता. प्रत्येक नव्या सायटेशनच्या लेखकाला मी स्वतः पत्र लिहिते, की तुम्ही ज्याचा आधार घेतलात ते उलटं आहे. काही जण आभार मानतात. बरेच जण उत्तर देत नाहीत.

त्या वर्षी जमुना मार्चच्या शेवटी परत आली. डॉक्टरांचा निरोप मिळाल्यावर मी गेले. रात्रभराचा प्रवास, मग एसटी, मग डॉक्टरांच्या मोटारसायकलवर मागे बसून दवाखाना. व्हरांड्यातल्या बाकावर एक किडकिडीत मुलगी बसली होती. शेजारी बांबूची काठी होती. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. जानेवारीत तिकडे तिला जोराचा झटका आला. बापाने खांद्यावर घालून तिथल्या दवाखान्यात नेलं आणि कार्ड दाखवलं. तिथल्या डॉक्टरने ते वाचलं, सौम्य लिहिलंय, चार गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. नऊ दिवस ती शेताच्या कडेला झोपडीत पडून होती. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला. आता ते हाड पुन्हा धरणार नव्हतं.

“जमुना, ह्या मॅडम पुण्याच्या,” डॉक्टर म्हणाले. “तुझं कार्ड बदलून द्यायला आल्या.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि कुर्त्याच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत आणखी एक पिशवी होती. तिच्यात ते हिरवं कार्ड, एकही चुणी न पडलेलं.

“मी जपून ठेवलं होतं,” ती म्हणाली. “पावसात भी भिजू नाही देलं.”

मी कार्ड घेतलं. सही कुळमेथे डॉक्टरांची होती. खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं, आधार, आणि पुढे माझ्या पेपरचं नाव, वर्ष, माझं आडनाव. डॉक्टरांनी नियमाप्रमाणे संदर्भ दिला होता. हे सायटेशन कुठल्या वेबसाइटने मोजलं नव्हतं.

माझ्या पिशवीत नवी कार्डं होती. मी एक काढलं, पेन काढलं. तिने मान लांब करून रंग पाहिला आणि तिचा चेहरा पडला.

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “लाल नको ना जी. लाल म्हणजे जास्त बिमार. मले हिरवंच द्या.”

डॉक्टर दुसरीकडे बघू लागले. मी बाकावर तिच्याशेजारी बसले, काठी थोडी बाजूला सरकवली आणि लाल कार्डावर तिचं नाव लिहिलं.